काळ्या मातीवरचं लॉन, रोजचा टँकर आणि रस्त्यावर वाहणारं पाणी

लातूरमधल्या एका सोसायटीच्या चिटणीस ताईंनी विचारलं आहे: सोसायटीत साधारण ४०० चौरस मीटर लॉन आहे, कडेने झुडपं आणि पंधरा-वीस झाडं. लॉनला पॉप-अप स्प्रिंकलर (पाणी सुरू झालं की जमिनीतून डोकं वर काढणारे फवारे) आहेत, चार व्हॉल्व्ह (एकेका भागाचं पाणी सुरू-बंद करणारे). सकाळी २० मिनिटं आणि संध्याकाळी २० मिनिटं प्रत्येक व्हॉल्व्ह चालतो. रोज १०,००० लिटरचा एक टँकर लागतो. पाणी गेटमधून रस्त्यावर जातं, शेजारी तक्रार करतात, आणि एवढं करूनही दुपारी लॉनचा वरचा भाग सुकलेला दिसतो. माळीमामा म्हणतात पाणी वाढवा, कमिटी म्हणते लॉन काढून फरशी घाला.

ताई, दोन्ही करू नका. बावीस वर्षं मी मराठवाड्यात बागांच्या पाइपलाइन आणि ठिबक बसवतो आहे आणि असं लॉन दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे बघतो. ज्या गावाला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे टँकरचं पाणी गटारात जाताना बघवत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब. १ मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर १ लिटर. साधे फवाऱ्याचे पॉप-अप तासाला साधारण ४० मिमी पाणी टाकतात. तुमची ४० मिनिटं म्हणजे जवळपास २७ मिमी, म्हणजे ४०० चौरस मीटरवर साडेदहा हजार लिटर. तुमचा टँकर इथेच संपतो. आता गरज बघा. आपल्याकडे ऐन मे महिन्यात बाष्पीभवन आणि पानांतून उडणारं पाणी धरून संदर्भ आकडा दिवसाला सात-साडेसात मिमी धरतात. उन्हाळी जातीच्या लॉनला त्याच्या सुमारे ६० टक्के पुरतं, म्हणजे दिवसाला ४.५ मिमी. तुमच्या लॉनला १,८०० लिटर. वारा, असमान फवारा वगैरे धरून २,४०० म्हणा. तुम्ही चौपटीहून जास्त देता आहात आणि तरी गवत तहानलेलं आहे. त्याचं कारण मातीत आहे.

आपली काळी माती दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकण खनिज असतं. त्याची रचना पातळ पापुद्र्यांची असते. पाणी या पापुद्र्यांमध्ये शिरतं, माती फुगते आणि तिची स्वतःचीच छिद्रं बुजतात. म्हणून कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या रानात पहिली बादली गायब होते, आणि अर्ध्या तासाने त्याच जागी ओतलेली दुसरी बादली तशीच उभी राहते. ओली झालेली भारी चिकण माती तासाला १ ते ५ मिमी एवढंच पाणी पिते. तुम्ही तिच्यावर तासाला ४० मिमी ओतता. पहिली पाच-सहा मिनिटं ती घेते, पुढची चौदा मिनिटं पाणी उताराने गेटकडे चालायला लागतं.

पण ही माती गुणाची आहे. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी पावसाळ्याने साठवलेल्या ओलीवर उभी राहते, तिला वरून पाणी देत नाहीत. एवढं पाणी धरणारी माती तुमच्या लॉनखाली आहे. ती सावकाश पिते आणि सावकाश सोडते. तिच्या पिण्याच्या वेगाने पाणी द्यायचं आणि मग ती देईपर्यंत थांबायचं, हे जमलं की तुमचे बरेच टँकर वाचतात.

थांबून थांबून पाणी

उद्या पहाटे एक व्हॉल्व्ह चालू करून घड्याळ घेऊन उभ्या राहा. गवताच्या बुडाशी पाणी चमकायला लागलं किंवा कडेला ओघळ आला की वेळ लिहा. समजा सात मिनिटं झाली. त्यातून एक मिनिट कमी करा. सहा मिनिटं ही तुमची एक फेरी. प्रत्येक व्हॉल्व्हला हे वेगळं बघा, कारण उतारावरचा व्हॉल्व्ह चार मिनिटांतच ओघळ काढेल.

त्याच वेळी सरळ उभ्या कडेचे, एकसारखे आठ-दहा डबे लॉनवर ठेवा. दहा मिनिटांनी पट्टीने पाणी मोजा, सरासरीला सहाने गुणा. तासाला किती मिमी पडतं ते कळेल. वर मी ४० धरलं आहे, तुमचं ३५ निघेल किंवा ५० निघेल. एका डब्यात ३ मिमी आणि दुसऱ्यात १० मिमी आलं तर नोझल तुंबलेलं आहे, डोकं वाकडं आहे किंवा दाब चुकला आहे. पाणी धुक्यासारखं उडत असेल तर दाब जास्त आहे. या नोझलना साधारण २ बार पुरतो.

आता वेळापत्रक. दर तासाला एक फेरी: चारही व्हॉल्व्ह एकामागून एक सहा-सहा मिनिटं, म्हणजे २४ मिनिटं, आणि उरलेल्या वेळात माती पाणी पिते. पहाटे २ पासून अशा पाच फेऱ्या. सात वाजायच्या आत काम संपतं, वारा नसतो, ऊन नसतं. प्रत्येक ठिकाणी एकूण ३० मिनिटं, म्हणजे २० मिमी, ८,००० लिटर. आणि हे दर तिसऱ्या दिवशी. रोजचं सरासरी २,७०० लिटरच्या आत बसतं. सहा मिनिटांनीही कडेला पाणी आलं तर चार मिनिटं करा आणि फेऱ्या वाढवा. संध्याकाळचं पाणी पूर्ण बंद. चिकण माती रात्रभर चिंब राहिली की लॉनवर बुरशीचे तपकिरी गोल पडतात, आणि मग तेही ‘सुकलंय’ समजून माणसं आणखी पाणी मारतात.

टायमर घेताना एका कार्यक्रमात किमान पाच वेळा सुरू होण्याची सोय आहे का, आणि वीज गेल्यावर वेळ लक्षात राहते का, एवढं विचारा.

फेऱ्या वाढवल्या की एक जुना दोष वाढतो, तो आधी दुरुस्त करा. व्हॉल्व्ह बंद झाल्यावर सर्वांत खालच्या पॉप-अपमधून पाइपात उरलेलं पाणी गळत राहतं. आधी हे दिवसात दोनदा व्हायचं, आता एका पहाटेत पाच वेळा होईल. गेटजवळचा तो कायम चिखलाचा कोपरा बहुतेक यानेच झाला असणार. खालच्या बाजूला चेक व्हॉल्व्ह (पाइपात उरलेलं पाणी अडवून धरणारी झडप) असलेली डोकी बसवा. पैसे असतील तर साध्या नोझलऐवजी फिरत्या धारांची नोझल लावा. ती तासाला १०-१२ मिमीच टाकतात, त्यामुळे फेरी वीस मिनिटांची करता येते आणि चिकण मातीशी त्यांचं चांगलं जुळतं. मात्र एकाच व्हॉल्व्हवर दोन्ही प्रकारची नोझल कधीही मिसळू नका.

वाफसा

वेळापत्रक कागदावर ठीक आहे, पण शेवटचा निर्णय मातीचा. शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. पाणी दिल्यावर किंवा पाऊस झाल्यावर जास्तीचं पाणी निचरून मातीत ओल आणि हवा दोन्ही राहतात, त्या स्थितीला आपण वाफसा म्हणतो. पेरणी वाफशावर, कोळपणी वाफशावर. तीच माणसं शहरात सोसायटीच्या बागेवर कामाला आली की हातात पाइप आणि भिंतीवर घड्याळ येतं आणि वाफसा विसरला जातो, याचं मला खरंच वाईट वाटतं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. रोज पाणी दिलेल्या काळ्या मातीत हवा राहत नाही, मुळं गुदमरतात, पाणी असून ते उचलता येत नाही, आणि पान दुपारी मान टाकतं. तुमच्या लॉनचं दुपारचं सुकणं अंशतः हेच असण्याची मला दाट शंका आहे.

तपासायला दोन साधनं पुरतात. ८ मिमीची, टोक केलेली लोखंडी सळई घ्या आणि एका हाताने दाबा. जिथपर्यंत सहज जाते तिथपर्यंत ओल आहे. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशी ती किमान १५ सेंटिमीटर गेली पाहिजे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ७-८ सेंटिमीटरवर अडली की पाणी द्या. दुसरं, त्या खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा पडून फुटला तर वाफसा आहे. चपटा होऊन तसाच राहिला आणि हाताला चिकटला तर अजून ओल जास्त आहे, थांबा. गोळाच होत नसेल तर उशीर झाला. माळीमामांना ही सळई द्या आणि वहीत रोज खोली लिहायला सांगा. पाणी द्यायचं की नाही हे त्यांनी ठरवावं, टायमरने नाही. त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल.

एक सावधगिरी. तुमच्या गवताची मुळं रोजच्या पाण्याने वरच्या चार बोटांत राहिली असणार. उद्यापासून एकदम तीन दिवसांचं अंतर दिलंत तर लॉन खरोखर जळेल. पहिला आठवडा रोज एकदा, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड, मग तिसऱ्या दिवशी. मुळं ओलीच्या मागे खाली जातात, पण त्यांना वेळ लागतो. हिवाळ्यात गरज निम्म्यावर येते. डिसेंबरात तेच २० मिमी सहा-सात दिवसांनी पुरतं. वर्षभर एकच वेळापत्रक ठेवणं ही सोसायट्यांमधली मी पाहिलेली सर्वांत महागडी सवय आहे.

लाल मातीचा थर

तुम्ही प्रश्नात ओघात लिहिलंय की बिल्डरच्या माणसाने लॉनखाली ‘चांगली लाल माती’ टाकली होती. ही फार सर्वत्र होणारी चूक आहे आणि तुमच्या वाहणाऱ्या पाण्याचा मोठा भाग तिच्यामुळे असू शकतो. होतं असं: बांधकामाच्या वेळी ट्रक आणि जेसीबी फिरून काळी माती विटेसारखी दाबली जाते. तिच्यावर चार-सहा इंच लाल माती पसरतात आणि लॉन अंथरतात. लाल माती पाणी पटकन घेते. पाणी खाली काळ्या थरावर येऊन थांबतं आणि दोन मातींच्या सांध्यावरून आडवं सरकत उताराच्या कडेला, फरशीच्या बुडातून बाहेर पडतं. वर लाल माती दोन दिवसांत कोरडी, खाली तळं. गवताची मुळं सांध्यापर्यंत जाऊन वळतात.

खात्री करायला फावड्याने एक फूट खोल चौकोनी खड्डा घ्या आणि त्याच्या भिंतीकडे बघा. लाल-काळ्याची सरळ रेषा आणि रेषेवर आडवी पसरलेली मुळं दिसली तर निदान पक्कं.

सगळं उकरायची गरज नाही. पोकळ दातांच्या यंत्राने लॉनला भोकं पाडून घ्या, मातीच्या कांड्या बाहेर आल्या पाहिजेत. नुसत्या टोकदार सळईने पाडलेल्या भोकांच्या भिंती चिकण मातीत गुळगुळीत होऊन बुजतात. भोकांत चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट झाडूने ढकला. लाल मातीचा थर यंत्राच्या पोचेपेक्षा जाड असेल तर जिथे पाणी थांबतं तिथे ऑगरने (माती पोखरणाऱ्या गिरमिटाने) फूट-दीड फूट खोल भोकं घेऊन कंपोस्ट भरा. हे काम पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरात आणि पुन्हा फेब्रुवारीत, दोन्ही वेळा वाफशावर करा. ओल्या काळ्या मातीत यंत्र घातलं तर जेवढं मोकळं कराल त्याहून जास्त दाबाल. दोन-तीन वर्षांत फरक सळईला कळतो.

याच जागी कोणीतरी तुम्हाला ‘वाळू मिसळा’ सांगेल. कृपा करून मिसळू नका. मी सुरुवातीच्या वर्षांत एका बंगल्याच्या बागेत दोन ट्रॉली नदीची वाळू काळ्या मातीत घालून दिली होती आणि त्या घरच्या आजींची गुलाबाची रोपं त्या उन्हाळ्यात गेली. थोडी वाळू चिकण मातीत गेली की वाळूचे कण मातीत रुततात आणि मिश्रण सुकल्यावर आणखी घट्ट होतं. खरोखर फरक पडायला निम्म्याहून जास्त वाळू लागते, आणि तेवढी घालायची तर मातीच बदलली म्हणायची. काळ्या मातीला हवेत ते सेंद्रिय पदार्थ: कुजलेलं शेणखत, पालापाचोळ्याचं खत. दर वर्षी लॉनवर अर्धा सेंटिमीटर थर पुरे.

जिप्सम या कॅल्शियम देणाऱ्या खनिजाबद्दलही असंच. जमीन चोपण असेल, म्हणजे मातीत सोडियम वाढलेलं असेल, तर जिप्सम चांगलं काम करतं. आपल्या बहुतेक काळ्या मातीत चुनखडी मुळातच भरपूर असते, तिथे उगाच पोती ओतून उपयोग नाही. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या आणि विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण मागा. ते १५ टक्क्यांच्या वर असेल तरच जिप्समचा विचार करा.

याला जोडून एक गोष्ट विचारतो, कारण प्रश्नात नाही: तुमच्या बोअरच्या पाण्यावर सॉफ्टनर बसवला आहे का, आणि त्या लाइनचं पाणी बागेत येतं का? सॉफ्टनर पाण्यातलं कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम देतो. नळांना ते बरं, पण काळ्या मातीला विष आहे. सोडियमने चिकण मातीचे कण एकमेकांपासून सुटतात, वर पापुद्रा धरतो आणि पाणी मुरणं जवळजवळ बंद होतं. सॉफ्टनर धुतल्यावर निघणारं खारं पाणी तर बागेत एकदाही सोडू नका. मी एका ठिकाणी तीन भेटी पॉप-अप तपासत बसलो होतो. चौथ्या भेटीत कळलं की ते पाणी रोज झुडपांच्या वाफ्यात जात होतं. बागेची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढा.

झुडपं, झाडं, अरुंद पट्टे

कंपाउंड भिंतीलगतचे दोन-तीन फुटांचे लॉनचे पट्टे काढून टाका. तेवढ्या रुंदीला स्प्रिंकलरने पाणी देताना अर्धं पाणी भिंतीवर आणि फरशीवरच पडतं. तिथे झुडपं लावा आणि ठिबक घ्या.

काळ्या मातीत ठिबकचं पाणी खोल कमी आणि आडवं जास्त पसरतं. म्हणून हलक्या जमिनीतलं ३० सेंटिमीटरचं अंतर इथे लागत नाही, ४५ ते ६० चालतं. ड्रीपर ताशी २ लिटरचा किंवा त्याहून कमी घ्या. ४ लिटरच्या ड्रीपरखाली थोड्या वेळात डबकं होतं आणि ते वाहायला लागतं. बोअरचं पाणी जड असेल तर फिल्टर आठवड्याला धुवा आणि महिन्यातून एकदा लॅटरलची (ड्रीपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं उघडून गाळ वाहू द्या.

झाडांच्या बाबतीत तुमचे माळीमामा बुंध्याला आळं करून पाणी भरतात, तसं करू नका. पाच-सहा वर्षांच्या कडुनिंबाची किंवा बहाव्याची पाणी पिणारी मुळं फांद्यांच्या टोकांखाली असतात. बुंध्याशी साचलेलं पाणी चिकण मातीत निघत नाही आणि साल कुजते. आळं बाहेर सरकवा, बुंध्याजवळ माती थोडी उंच ठेवा. रुजलेल्या देशी झाडांना उन्हाळ्यात तीन-चार आठवड्यांतून एकदा, पण भरपूर आणि दोन-तीन टप्प्यांत पाणी द्या. त्याहून जास्त लागत नाही.

भेगा. उन्हाळ्यात वाफ्यांमध्ये भेगा पडल्या असतील तर त्यांच्यावर पाइप धरू नका. पाणी भेगेतून मुळांच्या खाली निघून जातं, आणि भेगेच्या भिंतींतून खालची ओलही उडते. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं शेतकरी म्हणतात ते यासाठीच: वरची माती हलवून भेग बुजवली की ओल आत राहते. खुरप्याने वरचा दोन बोटांचा थर मोकळा करा, भेगांत कोरडं कंपोस्ट आणि माती भरा, मग दोन दिवस थोडं थोडं पाणी देऊन वरचा थर फुगू द्या आणि त्यावर आच्छादन पसरा. पालापाचोळा, वाळलेलं गवत, उसाचं पाचट, जे मिळेल ते ५-७ सेंटिमीटर जाड, बुंध्यापासून वीतभर दूर. सोसायटीचा पाला जाळणं आजपासून थांबवा. तोच तुमचा आच्छादनाचा साठा आहे.

पंपानंतर बागेच्या लाइनवर एक पाण्याचं मीटर बसवा. दर सोमवारी आकडा लिहा. कमिटीत बोलताना तो आकडा तुमच्या बाजूने उभा राहील, आणि रात्री कुठे पाइप फुटला तर बिल यायच्या आधी कळेल.

पाऊस लागला की टायमर बंद करा आणि बंदच ठेवा. पावसाळ्यात काळ्या मातीला निचऱ्याची गरज असते, म्हणून गेटकडच्या खालच्या बाजूला एक उथळ चर काढून ठेवा आणि वाहून येणारं पाणी झाडांच्या आळ्यांकडे वळवा. ऑगस्टमध्ये पंधरा-वीस दिवस उघडीप पडली की माणसं घाबरून पुन्हा स्प्रिंकलर लावतात. तेव्हा आधी सळई घाला. ती १५ सेंटिमीटर सहज जात असेल तर टँकरला फोन करू नका.